तिसरी-चौथीचा परिसर अभ्यास: पाणी, हवा, बी आणि सावलीचे प्रयोग नेमके कसे करावेत?

शिवारवाट (प्रश्न)

नमस्कार. द्विशिक्षकी शाळा आहे, तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते, पट 26. प्रयोगशाळा नाही, फ्रीज नाही, विजेचा भरवसा नाही. पोषण आहाराच्या वाट्या-ताटल्या, बादल्या आणि गावातल्या किराणा-मेडिकलच्या दुकानात मिळेल ते, एवढेच साहित्य.

यंदा चार विषय मुलांच्या हातून करून घ्यायचे आहेत: पाण्याचे बाष्प होणे आणि बाष्पाचे पुन्हा पाणी होणे, हवा जागा व्यापते, बी रुजायला काय लागते आणि दिवसभरात बदलणारी सावली. पुस्तकात कृती असते, पण पाणी किती, भांडे कोणते, थांबायचे किती वेळ, हे बहुतेक वेळा नसते. "थोडे पाणी घ्या" यावर प्रयोग उभा राहत नाही. तर जाणकारांनी प्रमाणासकट सांगावे. जून ते सप्टेंबरच्या ओल्या हवेत काय जमेल आणि काय दिवाळीनंतर ठेवावे? निकाल शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर त्याच आठवड्यात दिसायला हवा.

शिवाय ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती आणि वर उपडा पेला, हा प्रयोग या वयात घ्यावा का?

रानजाई

पाण्यापासून सुरू करते, कारण पावसाळ्यात सगळ्यात जास्त घोळ याच धड्यात होतो.

वाटीत पाणी ठेवून "उद्या बघू" म्हटले तर जुलैत उद्या काहीच दिसत नाही. आठ सेंटिमीटर तोंडाच्या वाटीत 20 मिली पाणी ओतले की ते चार मिलिमीटर उंच उभे राहते. बंद खोलीत, दमट हवेत ते आटायला तीन-चार दिवसही लागतात, तोवर मुलांचे लक्ष उडालेले असते. तेच 20 मिली पाणी 20 सेंटिमीटर रुंद सपाट ताटलीत पसरले तर त्याचा थर पाऊण मिलिमीटरही होत नाही आणि बहुधा दुसऱ्या दिवशी ताटली कोरडी सापडते. म्हणून वाटी आणि ताटली शेजारी शेजारी, दोन्हींत मोजून सारखेच पाणी. मापाला चमच्यापेक्षा औषधाच्या बाटलीवरचे खुणांचे टोपण बरे, चौथीची मुले ते स्वतः वाचतात. ताटली आधी तपासून घ्या. पुष्कळ ताटल्या मधे फुगीर असतात, सगळे पाणी कडेच्या खोबणीत जमते आणि मग वाटी-ताटलीत फरकच दिसत नाही.

त्याच तासात काही दाखवायचे असेल तर दोन स्टीलच्या ताटल्या उपड्या घाला. फडके ओले करून घट्ट पिळा आणि प्रत्येकीवरून एकदाच फिरवा. एका ताटलीला वहीने वारा घालायचा, दुसरी तशीच. ऐन पावसातही वाऱ्याची ताटली आधी सुकते. फडके नीट पिळलेले नसेल तर ताटलीवर थेंब राहतात आणि थेंब सुकायला फार वेळ जातो. बहुतेक वर्गांत हा प्रयोग फसतो तो एवढ्यावरूनच.

आता खरा गाभा. पाणी गेले कुठे, असे विचारले की या वयाची मुले ठरावीक उत्तरे देतात: ताटलीने पिऊन टाकले, खाली झिरपले, मुंग्यांनी नेले, कुणीतरी सांडले. यातले एकही उत्तर खोडून काढू नका. त्यांना विचारा की हे खरे की खोटे ते कसे तपासायचे. दोन सारख्या वाट्या घ्या, दोन्हींत 10 मिली पाणी. एक उघडी, दुसरीच्या तोंडावर पारदर्शक प्लास्टिक ताणून रबर लावायचे. दोन्ही कपाटावर, कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी. दोन दिवसांनी उघड्या वाटीतले पाणी बरेच उतरलेले असते. झाकलेलीतले जवळपास तेवढेच असते आणि प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब धरलेले असतात. वाटी पाणी पीत असती तर दोन्ही वाट्यांनी प्यायला हवे होते, हे चौथीची मुले स्वतःहून म्हणतात. ते वाक्य त्यांच्या तोंडून येईपर्यंत थांबायची तयारी हवी.

बाष्पाचे पाणी होणे पावसाळ्यात फार छान दिसते, कारण हवेत बाष्प भरपूर असते. बर्फ गावात रसवंतीवाल्याकडे किंवा मासे विकणाऱ्यांकडे मिळतो, थर्मासमध्ये आणला तर दोन तास टिकतो. खायचा नसल्याने कुठलाही चालेल, पण मुलांना तो चोखू देऊ नका. स्टीलचे तीन पेले घ्या:

पहिल्यात नळाचे साधे पाणी. दुसऱ्यात अर्धा पेला पाणी आणि चार-पाच बर्फाचे तुकडे, आणि त्या पाण्यात लाल किंवा निळ्या शाईचे दहा थेंब. तिसरा पेला रिकामा, पण आधी दहा मिनिटे बर्फाच्या डब्यात उपडा ठेवून गार केलेला.

तिन्ही बाहेरून फडक्याने कोरडे पुसून एकदम मांडायचे. थोड्या वेळात दुसरा आणि तिसरा पेला बाहेरून ओला होतो, पहिला कोरडाच राहतो. "पेल्यातून पाणी गळले" असे म्हणणाऱ्याने बाहेरच्या थेंबांवर पांढरा कागद टेकवून बघावा, कागदाला शाई लागत नाही. आणि तिसऱ्या पेल्यात तर गळायला पाणीच नाही. मुलांना पटते ते या तिसऱ्या पेल्यामुळे, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी गाळला जातो. तो हातात घेतला की लगेच गरम होतो, म्हणून काठाला चिमटीत धरून काढा.

रंगासाठी हळद-कुंकू नको. ते विरघळत नाही, तळाशी बसते. शाई नसेल तर बीट किसून उकळलेले पाणी गाळून वापरा.

माठातले गार पाणी वापरून हा प्रयोग कधीच होणार नाही. माठ गार होतो तो पाणी उडून गेल्यामुळे, आणि अशा रीतीने पाणी दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे थेंब धरू लागतात त्याच्या, खाली जाऊ शकत नाही. म्हणून त्या पाण्याच्या पेल्यावर थेंब धरत नाहीत. विदर्भात एप्रिलच्या कोरड्या हवेत बर्फाच्या पेल्यावरही थेंब उशिरा आणि थोडेच येतात. हा धडा जुलै-ऑगस्टलाच घ्या.

वातकुक्कुट

मेणबत्तीबद्दल आधी स्पष्ट सांगतो: घेऊ नका. कारण फक्त विस्तवाचे नाही.

"ज्वलनात प्राणवायू संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी एक पंचमांश चढले" असे सांगितले जाते आणि ते चूक आहे. पेला उपडा घालताना ज्योतीने तापलेली, फुगलेली हवा आत कोंडली जाते, काही वेळा कडेखालून बुडबुडे होऊन निघूनही जाते. ज्योत विझली की आतली हवा निवते, आकसते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकलले जाते. म्हणूनच पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर चढते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर त्याच पेल्यात पाणी आणखी वर जाते, प्राणवायू मात्र आधी होता तेवढाच होता. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा आतल्या हवेत साधारण 16 टक्के प्राणवायू शिल्लकच असतो. ही सगळी कारणे आठ वर्षांच्या मुलाला उलगडून सांगता येत नाहीत, आणि एकदा मनात बसलेले चुकीचे कारण पुढे दहावीपर्यंत निघत नाही. फार जुना आणि फार लाडका प्रयोग आहे, तरीही.

हवा जागा व्यापते यासाठी याहून चांगल्या तीन गोष्टी आहेत.

उपडा पेला. काचेचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा पेला, तळाशी वर्तमानपत्राचा बोळा. बोळा नुसता कोंबला तर पेला उलटा करताच पडतो, म्हणून चिकटपट्टीने तळाला चिकटवा. बादलीत किमान 20 सेंटिमीटर पाणी हवे. पेला अगदी सरळ खाली दाबायचा, तिरका झाला की हवा निसटते आणि कागद भिजतो. बाहेर काढल्यावर पेला उपडाच धरून काठ पुसायचा आणि मगच कागद काढायचा. नाहीतर काठावरचे थेंब कागदावर पडतात आणि मुले म्हणतात, भिजला की! आत दोन-तीन मिलिमीटर पाणी चढलेले दिसते, कारण दाबाने हवा किंचित आकसते. चौकस मुलाने ते दाखवले तर दडपू नका, पुढच्या कृतीत तेच येते. शेवटी मुद्दाम पेला तिरका करायचा आणि बुडबुडे पाहायचे. आतली हवा बाहेर जाते आणि तेवढेच पाणी आत येते, हे तिथे डोळ्यांना दिसते.

सिरिंज. मेडिकलमधून नव्या, सुई नसलेल्या 10 मिलीच्या सिरिंज आणा, चार मुलांत एक. दट्ट्या 10 वर ओढून पुढचे तोंड बोटाने घट्ट बंद करायचे आणि दाबायचे. 5-6 मिलीपर्यंत दाबले जाते, सोडले की परत येते. मग तीच सिरिंज पाण्याने भरून तोंड वर करून आतला बुडबुडा काढून टाकायचा आणि पुन्हा दाबायचे. दट्ट्या हलतच नाही. बुडबुडा राहिला तर दट्ट्या थोडा हलतो आणि सगळा फरक पुसट होतो. वापरलेली सिरिंज, कितीही धुतलेली असो, आणू नका.

नरसाळे आणि कणीक. एक लिटरची बाटली, तिच्या तोंडात नरसाळे, भोवती घट्ट मळलेल्या कणकेचा जाड कडबोळ्यासारखा वळसा दाबून बसवायचा. नरसाळ्यात भरकन पाणी ओतले की थोडे आत जाते आणि थांबते. आता कणकेतून एक स्ट्रॉ आत सारली की पाणी धो धो उतरते. स्ट्रॉचे तोंड बोटाने बंद केले की पुन्हा थांबते. उघड-बंद करणे मुलांच्याच हातात द्या. नरसाळ्याची नळी बारीक हवी. रुंद असेल तर त्याच नळीतून हवा वर आणि पाणी खाली जात राहते, गुडगुड आवाज येतो आणि पाणी थांबत नाही. कणीक सैल असेल तरी तेच. दोष कुठे आहे हे मुलांना शोधू द्यावे, त्यात त्यांना फार रस असतो.

फुग्यांच्या तराजूने हवेचे वजन दाखवायच्या फंदात पडू नका. भरलेल्या फुग्यातली जादा हवा पाव ग्रॅमच्या आसपास असते, आणि खराट्याच्या काडीचा, सुतळीचा तराजू एवढा फरक दाखवेलच असे नाही. मग बाई किंवा गुरुजी हळूच काडी सरकवतात. तसे करण्यापेक्षा तो विषय मोठ्या वर्गांसाठी सोडावा.

शिवारवाट

खूपच उपयोगी. दोन शंका. एक, अंदाज विचारला की वर्गातल्या हुशार मुलाचे उत्तर सगळेच उचलतात, त्यावर काय करावे? दोन, वहीत साहित्य-कृती-निरीक्षण-निष्कर्ष असे लिहून घ्यावेच लागते का? तिसरीची मुले फळ्यावरून उतरवतात आणि उतरवण्यातच तास संपतो.

रानजाई

अंदाज बोलून घ्यायचा नाही, खड्यांनी घ्यायचा. प्रत्येकाला एक खडा किंवा चिंचोका. टेबलावर तीन वाट्या, त्यांवर चिठ्ठ्या: "वाटी आधी सुकेल", "ताटली आधी सुकेल", "दोन्ही बरोबर". वाट्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे ठेवा, एकेकाने जाऊन खडा टाकायचा. मग सगळ्यांसमोर मोजून आकडे फळ्यावर, प्रयोग संपेपर्यंत पुसायचे नाहीत. कुणी काय म्हटले ते कळत नाही, म्हणून गप्प बसणारी मुलेही धीटपणे ठरवतात. मोजणी तिसरीच्या मुलांनी करायची, आकड्यांचे चित्ररूप चौथीने काढायचे, गणिताचाही तास साधतो.

वहीबद्दल: चार मथळ्यांचा साचा या वयाला जड आहे. पानाचे दोन भाग पुरतात. डावीकडे "मला काय वाटले", उजवीकडे "काय झाले", आणि दोन्हीकडे चित्र. तिसरीने चित्रात फक्त बाण आणि नावे द्यायची. चौथीने खाली एक वाक्य "कारण..." ने सुरू करून लिहायचे, स्वतःच्या शब्दांत, घरच्या बोलीत असले तरी चालेल. अंदाज चुकला म्हणून डावीकडचे खोडू द्यायचे नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून कडक पाळा, नाहीतर मुले निकाल बघून मग अंदाज लिहितात.

बाष्पीभवन, संघनन हे शब्द शेवटच्या दिवशी द्या. वाटी, ताटली, झाकलेली वाटी आणि तीन पेले पाहून झाले की शब्दाला टेकायला जागा मिळते आणि व्याख्या एका मिनिटात पाठ होते. परीक्षेपुरते तेवढे पुरते. उलट क्रमाने गेले तर मुले व्याख्या म्हणतात आणि ओला पेला बघून "गळतोय" असेही म्हणतात.

मोडाची मटकी

बी रुजण्याबद्दल. बहुतेक शाळांत ओल्या कापसावर मूग ठेवतात. मोड येतात, मुले खूश होतात, पण रुजायला काय लागते या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी तुलना हवी, आणि बिया मोजून हव्यात.

प्रत्येक गटाला चार वाट्या, प्रत्येकीत 10 बिया. दहाच का, तर "दहापैकी किती" हे मुलांना सहज सांगता येते, आणि एखादे बी किडके निघाले तरी निकाल बिघडत नाही. वाल किंवा चवळी घ्या, दिसायला मोठी असते.

1. कोरड्या फडक्यावर बिया.
2. ओल्या, पिळलेल्या फडक्यात बिया, वर सैल झाकण.
3. तसेच ओले फडके, पण वाटी काळ्या कागदात गुंडाळून अंधारात.
4. बिया पूर्ण पाण्यात बुडालेल्या, पाण्याची उंची किमान पाच सेंटिमीटर.

पहिली वाटी सोडून बाकीच्या बिया आदल्या रात्री आठ-दहा तास भिजवा. पाणी रोज सकाळी एका ठरलेल्या मुलाने, दुसऱ्या-तिसऱ्या वाटीत सारखेच, 5 मिली.

दुसरी आणि तिसरी वाटी जवळपास सारखीच रुजते. मुलांचा अंदाज बहुधा असतो की अंधारात बी रुजणार नाही, कारण झाडाला ऊन लागते हे त्यांना माहीत असते. हा धक्का महत्त्वाचा आहे. या बियांना रुजायला उजेड लागत नाही, रोपाला पुढे वाढायला लागतो. ते पाहायला दोन्ही वाट्या आणखी आठवडाभर ठेवा. अंधारातली रोपे लांबुडकी, पिवळट, लुळी होतात.

चौथी वाटी दगा देते. मुगाला पाण्यातसुद्धा इवलासा मोड येतो, कारण पाण्यात थोडी हवा विरघळलेली असते. मग "हवा लागत नाही" असा भलताच निष्कर्ष निघतो. पाणी आधी उकळून, झाकून गार केलेले घ्या, बिया घातल्यावर वर तेलाचा पातळ थर द्या, आणि मुगाऐवजी वाल वापरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बिया फुगून सडक्या वासाच्या होतात. वास आला की वाटी बाहेर नेऊन ओता आणि सगळ्यांनी साबणाने हात धुवा.

बुरशी हे दुसरे दुखणे. फडके पाणी गळेल इतके ओले असेल, किंवा झाकण घट्ट असेल, तर पांढरी लव धरते. फडके स्वच्छ धुतलेले, शक्य असल्यास उकळून काढलेले असावे. कापूस टाळा, मुळे त्यात अडकतात आणि बी उचलून पाहताना तुटतात.

सुरुवात सोमवारी करा. बिया रविवारी रात्री भिजवल्या की शनिवारपर्यंत सगळे दिसते. गुरुवारी सुरू केले तर नेमका मोड फुटायच्या वेळी शाळेला सुट्टी असते. आणि डाळ आणू नका असे मुलांना आधी सांगू नका, एक वाटी मूगडाळीची मुद्दाम ठेवा. ती का रुजली नाही यावर तिसरीत फार चांगली चर्चा होते. अख्खा मूग भिजवून दोन भाग उघडले की आतला छोटा कोंब भिंगातून दिसतो, डाळ भरडताना तोच निघून जातो किंवा तुटतो.

कडुलिंब

वरच्या प्रतिसादाला जोडून, सुरक्षेचे. हे वाचल्याशिवाय मुलांना "घरून बिया आणा" असे सांगू नका.

शेतकरी घरातले मूल पेरणीच्या पिशवीतून उरलेले सोयाबीन, मका किंवा कपाशीचे बी आणते. त्या बियांना गुलाबी, लाल, हिरवा रंग असतो, कारण त्यांवर बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेले असते. ते हाताला लागते, तोंडात गेले तर विषबाधा होते. शाळेत फक्त किराणा दुकानातले खाण्याचे धान्य वापरावे, आणि ते शिक्षकांनी आणावे.

बियांचा संग्रह करायला सांगितला की एरंड, गुंज, धोतरा आणि चंद्रज्योत हमखास येतात. चारही विषारी. चंद्रज्योतीची बी शेंगदाण्यासारखी गोडसर लागते, आणि ती खाऊन मुलांना उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात न्यावे लागल्याच्या बातम्या आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतात. शाळेच्या कुंपणाला ती लावलेली असेल तर मुलांना झाड दाखवून ओळख करून द्या. कुणी खाल्लीच तर घरगुती उपाय, ओकारी काढणे वगैरे न करता थेट प्राथमिक आरोग्य केंद्र, सोबत ती बी किंवा फांदी घेऊन.

प्रयोगातले मोड, कितीही ताजे दिसले तरी, खायचे नाहीत. खायचे मोड वेगळ्या भांड्यात काढावेत.

ओळंबा

सावली दिवाळीनंतर घ्या, आभाळ मोकळे असते. पण जूनमध्ये एखाद्या दिवशी ऊन पडलेच तर एक नोंद जरूर करून ठेवा, कारण का ते खाली येते.

साहित्य: 30 सेंटिमीटर उंचीची सरळ काडी, ओल्या मातीने भरलेल्या डब्यात रोवलेली. दोरीला छोटा दगड बांधून काडी दोन बाजूंनी सरळ आहे का ते पाहा. जरा कललेली असेल तर सगळी मापे चुकतात. खाली सपाट फरशी किंवा मोठा पुठ्ठा. काडी डब्यात रोवलेली असल्याने उंची डब्याच्या काठापासून न मोजता फरशीपासून मोजा. सावलीचे टोक पुसट असते, म्हणून काडीच्या टोकाला मण्याएवढा मातीचा गोळा लावा आणि गोळ्याच्या सावलीच्या मध्यावर खूण करा. डबा हलला तर दिवस वाया, तेव्हा त्याच्याभोवती खडूने गोल काढून ठेवा. सूर्याकडे बघायचे नाही, सूर्याकडे पाठ करून सावलीकडेच बघायचे, हे तासाच्या सुरुवातीलाच सांगा.

सकाळी 10 पासून दर तासाला एक खूण, आणि 12 ते 1 दर पंधरा मिनिटांनी. इथे मोठी गफलत होते. "बाराला सावली सर्वात लहान" असे सांगून ठेवलेले असते आणि मुलांच्या खुणा तसे दाखवत नाहीत. मग त्यांची मापे चूक ठरवली जातात. मुले बरोबर असतात. आपले घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. मुंबई-पुणे त्याच्या बऱ्याच पश्चिमेला, त्यामुळे पुण्यात सूर्य माथ्याच्या रेषेवर साधारण 12.35 ला येतो, नागपुरात 12.15 च्या सुमारास. त्यातही वर्षभरात पंधराएक मिनिटे पुढे-मागे होते: पुण्यातच नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.20 च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला 12.50 च्या आसपास. चौथीला रेखांश समजावायची गरज नाही. "आपल्या गावात सावली किती वाजता सर्वात लहान झाली?" एवढाच प्रश्न विचारा आणि जे येईल ते लिहा.

आता जूनची नोंद. दुपारची सावली नेहमी उत्तरेला पडते असे आपण सांगतो. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी सूर्य आपल्या माथ्यावरून उत्तरेला जातो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. पुण्यात 21 जूनच्या सुमारास 30 सेंटिमीटरच्या काडीची सर्वात लहान सावली अडीच सेंटिमीटरच्या आसपास, दक्षिणेकडे. डिसेंबरच्या शेवटी तीच सावली 27 सेंटिमीटर, उत्तरेकडे. नागपुरात जूनमध्ये जेमतेम एक सेंटिमीटर, डिसेंबरमध्ये साडेएकोणतीस. एकाच पुठ्ठ्यावर दोन्ही खुणा असतील तर ऋतूंबद्दल बोलायला यासारखे दुसरे साधन नाही. मधे दोन दिवस असे येतात की दुपारी काडीची सावली तिच्या पायातच नाहीशी होते: पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याला. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत ढग, म्हणून बहुतेक मुलांना तो दिवस कधी दिसतच नाही. मे महिन्यात घरच्या अंगणात उभी बाटली ठेवून बघायला सांगा. तारीख गावागणिक वेगळी असते, म्हणून आधीचे-नंतरचे दोन दिवसही बघायला सांगावे.

दिशा ठरवायला होकायंत्र चालेल, आपल्याकडे त्यातली चूक नगण्य आहे. पण ते लोखंडी बाकावर किंवा मोबाइलजवळ ठेवू नका. आणि "सूर्य उगवतो ती पूर्व" या सोप्या नियमावर डिसेंबरमध्ये विसंबू नका. त्या दिवसांत तो पूर्वेच्या जवळपास 25 अंश दक्षिणेला उगवतो, आणि त्यावरून आखलेली उत्तर तेवढीच चुकते. होकायंत्र नसेल तर सर्वात लहान सावलीची रेघ हीच दक्षिण-उत्तर रेघ धरा आणि शाळेच्या फरशीवर ती कायमची रंगवून घ्या. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्याच रेघेवर डबा ठेवता येईल.

शिवारवाट

सर्वांचे मनापासून आभार. क्रम असा लावते: जुलैत तीन पेले आणि झाकलेली वाटी, ऑगस्टमध्ये सिरिंज आणि नरसाळे, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी वाल, डिसेंबरमध्ये काडी. जूनमधल्या सावलीची नोंद ऊन पडेल त्या दिवशी. वातकुक्कुट, नरसाळ्याच्या नळीचे तोंड साधारण किती बारीक असावे?

वातकुक्कुट

आतून 5-6 मिलिमीटरपर्यंत चांगले चालते. रॉकेलसाठी वापरलेले नरसाळे घेऊ नका, त्याचा वास आणि तेलकटपणा जात नाही आणि कणीकही नीट चिकटत नाही. दुकानात घेताना उभ्या उभ्या तपासता येते: नळीत पेन्सिल सैल शिरत असेल तर ते नरसाळे रुंद आहे. पेन्सिल साधारण 7 मिलिमीटरची असते.